पेंडंट हातात आला, आता पुढे काय?

गेल्या अंकात कारखान्यातल्या रोबोटविषयी लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली. बरीचशी हेल्पर, पॅकर, सफाई कामगार यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. इंजिनीअर मंडळींची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते आणि आजची पानं या लोकांना देते. नोकरीचा प्रश्न असल्याने कुणाचंही नाव छापलेलं नाही. पत्रांत येणारा 'पेंडंट' म्हणजे रोबोट चालवायचा, हातात धरायचा बटणांचा आणि पडद्याचा पॅनेल; 'सेल' म्हणजे रोबोटची जाळीच्या आतली कामाची जागा; आणि 'फिक्स्चर' म्हणजे पीस जागेवर धरून ठेवणारा साचा.

प्रश्न : मॅडम, मी चाकणला एका सप्लायर कंपनीत अकरा वर्षं हेल्पर आहे. दहावी पास आहे. आधी वेल्डरच्या हाताखाली होतो. मागच्या वर्षी लाइनवर रोबोट आला, तेव्हापासून मी फिक्स्चरवर पीस लावतो आणि सायकल स्टार्टचं बटण दाबतो. आता साहेब म्हणतात, तुला सेल ऑपरेटर करतो, पेंडंट शिकून घे. पेंडंटवर सगळं इंग्रजी. बाजूच्या सेलवर डिप्लोमावाला पोरगा आहे, त्याची बोटं भराभर चालतात. मला कॉम्प्युटर येत नाही. बायको म्हणते, एमएस-सीआयटी करून टाका. करू का? आणि नाही जमलं तर घरी बसवतील का?
— एक कामगार, खराबवाडी

उत्तर : दादा, आधी एमएस-सीआयटीचं सांगते. २००१ पासून गावोगावच्या माणसांनी तो कोर्स केलाय आणि अनेकांना त्याचा उपयोग झालाय. पण त्यात टायपिंग, पत्र लिहिणं, तक्ते करणं, इंटरनेट हे शिकवतात. रात्रपाळीला तुमचा रोबोट मध्येच थांबला तर त्यातलं काहीच हाताशी येत नाही. सवडीने करायचा तर जरूर करा. सेलसाठी म्हणून त्यात पैसे घालू नका.

तुम्हाला जे शिकायचंय ते तुमच्या फिक्स्चरवरच आहे. पीस बसवला की फिक्स्चरच्या कडेला एका प्रॉक्सीचा बारीक दिवा लागतो, पाहिलात? प्रॉक्सी म्हणजे लोखंड जवळ आलं की ओळखणारा सेन्सर. तो दिवा लागला म्हणजे कंट्रोलरला खबर गेली, 'पीस बसला'. यालाच इनपुट म्हणतात. मग पीस घट्ट धरणारा क्लॅम्प बंद होतो, तो आउटपुट. क्लॅम्प पूर्ण बसल्याची खबर पुन्हा दुसऱ्या सेन्सरकडून येते. एवढ्या सगळ्या खबरा जमल्या की मगच तुमचं सायकल स्टार्ट चालतं. एखादी खबर आली नाही की तुम्ही बटण कितीही दाबा, रोबोट जागचा हलत नाही. नवीन माणूस अशा वेळी बटण जोरजोरात दाबतो. ज्याला हे कळलंय तो खाली वाकून दिवे बघतो. कुठला दिवा लागलेला नाही? त्या प्रॉक्सीच्या तोंडावर स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले थेंब, बसलाय का? ती ढिली होऊन मागे सरकलीय का? पिसाखाली असाच एखादा थेंब अडकून पीस तिरका बसलाय का? उद्यापासून दर पिसाला हे दिवे कोणत्या क्रमाने लागतात ते बघत चला. ज्याच्या डोक्यात हा क्रम बसला त्याला अर्धा रोबोट आला असं मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, आणि ते मी मनापासून सांगते.

आता इंग्रजीचं. मी आजवर ज्या पेंडंटांवर शिकवलं त्यांतल्या एकावरही मराठी नव्हती, याचा मला राग आहे. महाराष्ट्रात इतके रोबोट विकायचे आणि जो माणूस दिवसभर त्यांच्यासमोर उभा राहतो त्याच्या भाषेत चार वाक्यं लिहायची नाहीत, हे बरोबर नाही. पण तुमचं काम अडू देऊ नका. प्रत्येक अलार्मला नंबर असतो आणि नंबर तुम्हाला वाचता येतो. खिशात मावेल अशी वही करा. तारीख, वेळ, अलार्मचा नंबर, त्या क्षणी रोबोट कुठे होता, आणि मेंटेनन्सवाल्याने येऊन काय केलं, एवढं लिहा. मेंटेनन्सवाला गेट लावून निघाला की त्याला विचारा, 'काय होतं?' तो सांगेल ते मराठीत टिपून घ्या. रोज येणारे अलार्म मोजकेच असतात, तेच तेच फिरून येतात. वही भरायला लागली की तुमच्या सेलचा स्वभाव तुम्हाला डिप्लोमावाल्यापेक्षा जास्त कळायला लागेल.

आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, लागला नाही, हा अलार्म वेल्डिंगच्या सेलवर हमखास येतो. त्याची कारणं काय असतात? वायर जिच्यातून बाहेर येते त्या टिपेला चिकटलेली असते, टिप झिजून भोक मोठं झालेलं असतं, अर्थिंगची केबल ढिली असते, पत्र्यावर तेल किंवा गंज असतो, नाहीतर वायरचं स्पूलच संपलेलं असतं. गॅस कमी पडला तर आर्क लागतो, पण मणी, म्हणजे वेल्डिंगची रेघ, भोकाभोकांचा येतो. दादा, वेल्डरच्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत, यातलं तुम्हाला नवीन काय आहे? टिप बदलणं, नोझल साफ करणं, गॅसचा आकडा बघणं हे तुमच्या हातातलंच आहे. पेंडंटवरचा नंबर आणि हे ज्ञान यांची गाठ घालायची, एवढंच राहिलंय. त्या पोराला पेंडंट येतो पण मणी बघून दोष सांगता येतो का, ते एकदा बघा. येत नसेल तर तुम्ही त्याला मणी शिकवा, तो तुम्हाला पेंडंट शिकवेल. माझ्याकडच्या बॅचमध्ये मी अशाच जोड्या लावते.

पेंडंट हातात घेताना एक गोष्ट शरीरात मुरवून घ्या. पाठीमागे किंवा कडेला एक स्विच असतो. मॅन्युअल मोडमध्ये तो अर्धा दाबून धरला तरच रोबोट हलतो. सोडला की थांबतो. आणि गच्च आवळला तरीही थांबतो. घाबरलेला माणूस एकतर हातातलं टाकून देतो किंवा घट्ट धरतो, म्हणून दोन्हीकडे थांबण्याची सोय केलेली आहे. शिकवण्याच्या कमी वेगाच्या मोडमध्ये रोबोटचा हात सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, म्हणजे तुम्हाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. काही ठिकाणी हा स्विच पट्टीने बांधून ठेवतात, सारखा दाबायला बोट दुखतं म्हणून. तसा पेंडंट हातात दिला तर घेऊ नका. सरळ सांगा, पट्टी काढा मग घेतो.

गेटचंही तसंच. ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरला एका कारखान्यात पत्रा जागचा सुटला म्हणून एक तरुण कामगार तो नीट करायला चालू रोबोटच्या जवळ गेला आणि त्यातच त्याचा जीव गेला. रोबोट थांबलेला दिसतो तेव्हा तो बहुतेकदा कसली तरी वाट बघत थांबलेला असतो. तुम्ही आत जाऊन पीस सरळ केला, प्रॉक्सीला हवी ती खबर मिळाली, की तो त्याच्या पूर्ण वेगाने निघतो. त्याला तुम्ही तिथे आहात हे माहीत नसतं. आत जायचं तर मोड मॅन्युअल, पेंडंट तुमच्या हातात, गेट उघडं, आणि दुरुस्ती मोठी असेल तर मेन स्विचला तुमचं कुलूप. किल्ली तुमच्याच खिशात. सुपरवायझर मागून 'दोन मिनिटांचं काम आहे, घुस' म्हणाला तरी हा क्रम सोडू नका. सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मागणं हा कामगाराचा हक्क आहे, जुन्या कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने तो स्पष्ट लिहिला गेला. तेव्हा पेंडंटचं शिक्षण शिफ्टमध्ये, पगारी वेळेत, आणि लेखी नोंद होऊन मिळायला हवं, असं साहेबांना सांगा. 'बघून बघून शीक' याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

घरी बसवतील का? खोटा धीर मी देणार नाही. एका सेलवर पूर्वीपेक्षा कमी माणसं लागतात, हे तुम्ही डोळ्यांनी बघताय. पण नवीन यंत्रामुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल तर मालकाने आधी बदलाची नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं, ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्याच संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवीन कौशल्य शिकण्यासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात जायची, असंही आहे. १५ दिवसांच्या पगारात नवीन धंदा शिकून होत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत असेल. म्हणूनच मी म्हणते, नोकरी चालू असताना शिकून घ्या. युनियन असेल तर प्रतिनिधीशी बोला. आणि ऑपरेटर केलं तर हुद्दा आणि ग्रेड कागदावर बदलून घ्या. काम ऑपरेटरचं आणि पगार हेल्परचा, हे मी फार ठिकाणी बघते.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला. शहरात एक इन्स्टिट्यूट 'रोबोटिक्समध्ये नोकरीची हमी' म्हणून सत्तर हजार मागतेय, चार महिन्यांचा कोर्स. घालावेत का पैसे?
— एक पालक, नांदेड

उत्तर : आधी तिथे जाऊन विचारा, रोबोट दाखवा. खेळण्यातला नको, कारखान्यात असतो तसला. मुलाला रोज किती वेळ स्वतःच्या हातात पेंडंट मिळणार, तेही विचारा. हमी कागदावर देतात का? देत नसतील तर पाकीट बंद करा. आयटीआयमध्ये 'इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन' असा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो तुमच्या जवळ कुठल्या आयटीआयत आहे ते प्रवेशाच्या वेळी बघा. तो नसेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक घ्या आणि मग ॲप्रेंटिसशिप. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथल्या कोर्सची चौकशी करा. कोबोट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारे रोबोट, बनवणाऱ्या युनिव्हर्सल रोबॉट्स या डॅनिश कंपनीचे सुरुवातीचे धडे ऑनलाइन फुकट आहेत. ते मुलाला आधी करू द्या. आवडलं तर पुढचा खर्च.

प्रश्न : ताई, मी भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला आहे, कंत्राटी. पूर्वी आम्ही रॅकपर्यंत चालत जायचो. आता खाली चालणारी यंत्रं रॅकच उचलून आमच्यापुढे आणतात, आम्ही स्कॅन करून माल काढायचा. पाय वाचले, पण स्क्रीनवर सारखा आकडा दिसतो, ताशी किती झाले. कमी झाले की सुपरवायझर येतो. वर माल कमी निघाला की माझ्याच नावावर चूक लागते. आमच्या आयडीवर सगळ्याजणी काम करतात, ब्रेकला कुणी गेलं की दुसरी बसते. मी काय शिकू म्हणजे हे माझ्यावर येणार नाही?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : ताई, पहिली गोष्ट आजच करा. तुमच्या आयडीवर दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका आणि तुम्हीही दुसरीच्या आयडीवर बसू नका. उठलात की लॉगआउट. मैत्रिणीला वाईट वाटेल, वाटू द्या. कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही, त्याला फक्त आयडी दिसतो. दहा मिनिटांत कुणीतरी केलेली गडबड तुमच्या नावावर चढते आणि नंतर 'ती मी नव्हते' हे कुणी ऐकत नाही. डिजिटल कौशल्य म्हणून कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या पानावर यायला हवं, पण कंत्राटदार पहिल्या दिवशी आयडी देतो आणि हे सांगत नाही.

आता ही यंत्रं काय करतात ते थोडं समजून घ्या, म्हणजे भांडताना शब्द सापडतील. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हापासून रॅक माणसाकडे आणायची ही पद्धत जगभर गाजली. आपल्याकडेही गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्या अशी यंत्रं बनवतात. त्यांतली पुष्कळशी जमिनीवर चिकटवलेले चौकोनी कोड वाचत चालतात. कोडवर टेपचा तुकडा किंवा धूळ आली की यंत्र अडतं, मागची यंत्रं तुंबतात, आणि तुमच्यापुढे रॅक येत नाही. म्हणजे तुम्ही हात जोडून उभ्या आणि आकडा मात्र घसरतोय. रॅक कधी पोचला आणि तुम्ही स्कॅन कधी केलं, या दोन्ही वेळा सिस्टिमला कळतात. तेव्हा सुपरवायझर आला की शांतपणे विचारा, 'माझा वाट बघण्याचा वेळ यातून वजा आहे का? रिपोर्ट दाखवा.' एकट्याने विचारायला भीती वाटत असेल तर शिफ्टमधल्या चौघीजणी मिळून विचारा. अडलेल्या वेळा चिठ्ठीवर लिहून ठेवा.

दुसरं, स्क्रीनवर बाजूला एक-दोन बटणं असतील, माल कमी आहे, माल फुटलेला आहे, बारकोड वाचला जात नाही अशी. ती दाबली की दोन-तीन पायऱ्या वाढतात आणि वेळ जातो, म्हणून सगळ्या ती टाळतात. खणात पाच असायला हवेत, चारच आहेत, तरी 'ओके' करून पुढे जातात. मग कॉम्प्युटरच्या हिशेबात पाच, खणात चार, आणि पुढच्या वेळी ज्या बाईपुढे तो रॅक येतो तिच्या माथी ती चूक. तुमच्या नावावर लागलेल्या चुकांतल्या काही अशाच आल्या असतील. ही बटणं नीट शिकून घ्या आणि दर वेळी वापरा, आकडा थोडा पडला तरी. ती तुमची साक्ष आहे. माल कमी होता हे तुम्ही त्या मिनिटाला कळवलंत, हे सिस्टिममध्येच राहतं.

आणि जाळीच्या आत पडलेली वस्तू उचलायला कधी वाकू नका. बाटली घरंगळत गेली, हातातला स्कॅनर पडला, काहीही असो, कळवा आणि यंत्रं थांबवणारा माणूस येईपर्यंत वाट बघा.

एक विचारलं नाहीत तेही सांगते. पूर्वी चालून पाय दुखायचे, आता एकाच जागी उभं राहून आणि वरच्या-खालच्या खणात हात घालून खांदा आणि कंबर दुखायला लागेल. पायाखाली मऊ मॅट आणि जड माल मधल्या खणात, या दोन गोष्टी मागा. माल कुठल्या खणात ठेवायचा हे माणसंच ठरवतात, त्यामुळे ही मागणी अवघड नाही.

प्रश्न : माझे वडील नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार आहेत, ड्रेनेजवर. आता मॅनहोल साफ करायचा रोबोट येणार असं ऐकतोय. वडील सातवी शिकलेत. ते म्हणतात, आमचं काम जाणार आणि मशिनवर साहेबांची पोरं बसणार. मी बी.कॉम. करतोय. वडिलांना काय शिकवू?
— एक विद्यार्थी, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुझ्या वडिलांची भीती खरी आहे, आणि हे पत्र वाचून मी बराच वेळ दुसरं काही वाचलं नाही. ज्या कामात माणूस कधी उतरायलाच नको होता, त्या कामात यंत्र आलं याचा मला आनंदच आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तरीही माणसं उतरवली जातात. तेव्हा रोबोट येऊ दे. त्याच्या पॅनेलपुढे कोण उभं राहणार, हे मात्र आत्ताच ठरवून घ्यायला हवं.

याचं उत्तर केरळमध्ये मिळालेलं आहे. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स या तरुणांच्या कंपनीने बँडिकूट नावाचा रोबोट बनवला आणि २०१८ मध्ये तो त्या शहरात कामाला लागला. चार पायांचं यंत्र मॅनहोलमध्ये उतरतं, खालचा गाळ बादलीत भरून वर आणतं, आणि वर उभा असलेला माणूस कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून ते चालवतो. तिथे ज्यांनी आयुष्यभर हे काम हाताने केलं त्याच कामगारांना शिकवून ऑपरेटर केलं. त्यासाठी कुणाला पदवी लागली नाही. खाली सांगते त्या अर्जात हा दाखला नक्की दे.

सातवी शिकलेल्या माणसाला यातलं काय अवघड जाईल? पडद्यावरची चित्रं आणि हाताने ढकलायची कळ नाही जाणार. मोबाइलवर व्हिडिओ कॉल करत असतील तर पडदा बघून अंदाज घेणं त्यांना येतंच. अवघड जातात ते गॅसचे आकडे. सेन्सर हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू मोजतो आणि आकडा दाखवतो. एका संध्याकाळी वडिलांशेजारी बसून हे तीन वायू समजावून सांग. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे त्यांना माहीत असेल, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं, हे जरूर सांग. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून किती माणसं आत गेली असतील. म्हणून नाकावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवायचा. मग दिवसाचा रिपोर्ट भरायला शिकव, कुठलं मॅनहोल, किती वाजता, किती बादल्या, काय अडचण. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप होतं, ते आधी शिकव.

आणि त्यांच्याकडून तूही शिकून घे. कुठल्या गल्लीतली लाइन कुठे वळते, कुठल्या हॉटेलमागे तेलाचा थर साचतो, पावसाळ्यात कुठलं झाकण आधी उचलायचं, हे कुठल्याच नकाशात नसेल. ते सांगतील तसं तू वहीत चित्र काढून लिही. मुलाखतीत ती वही पुढे ठेवली तर साहेबांचं कुठलं पोर त्यांच्यापुढे टिकेल?

कागदपत्रांचं असं. गटार आणि सेप्टिक टँकच्या कामगारांसाठी केंद्राची 'नमस्ते' योजना आहे. तिच्यात कामगारांची नोंद, सुरक्षेची साधनं, आयुष्मानचा आरोग्य विमा आणि यंत्रासाठी भांडवली मदत आहे. कंत्राटी कामगारही त्यात बसतात. वडिलांचं नाव यादीत आहे का, हे नगरपरिषदेच्या आरोग्य किंवा स्वच्छता विभागात विचार. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिही, वडिलांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या सह्यांसह. त्यात मागणी कर, रोबोटची निविदा निघेल तेव्हा तिच्या अटींतच लिहा की ऑपरेटर म्हणून सध्याच्या ड्रेनेज कामगारांना घ्यायचं, पुरवठादाराने त्यांना मराठीत प्रशिक्षण द्यायचं, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी कापायची नाही. निविदा निघून गेल्यावर या अटी घालता येत नाहीत, म्हणून घाई कर. अर्ज आवक-जावकला दे आणि शिक्का मारलेली प्रत घरी ठेव.